फळी, नमस्कार आणि शनिवारचा सिनेमा

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीचे कागद पुनर्विकासाच्या निमित्ताने पुन्हा एकदा फायलीतून बाहेर आले. भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, विजेची बिलं, आबांच्या नावावरून खोली दादांच्या नावावर झाली तो कागद. सगळं जागच्या जागी आहे (आईची कृपा, ती बसचं तिकीटसुद्धा सहा महिने टाकत नाही). पण या एवढ्या गठ्ठ्यात खोलीबद्दल म्हणाल तर एकच गोष्ट : क्षेत्रफळ १६० चौरस फूट. माळा नाही, ओटा नाही, टीव्हीची फळी नाही. सरकारदरबारी आमची खोली जशी बांधली तशीच आहे. म्हटलं, मधल्या सत्तर वर्षांत आम्ही तिचं काय काय केलं ते आपणच लिहून ठेवावं. काका आणि आत्या वाचतीलच. चुकलं तर सांगतील, नाही चुकलं तरी सांगतील.

मुंबईबाहेरच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भयंकर टंचाई होती. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच हे बीडीडी. बेत होता ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. त्यातल्या १२१ चाळी एकट्या वरळीत, बाकीच्या नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला. तळमजला अधिक तीन मजले, मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, नळ आणि संडास सामायिक. सुरुवातीला यात राहायलाच कोणी येईना, आणि मग सविनय कायदेभंगाच्या दिवसांत, १९३० नंतर, सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला. आमच्या आधी तिथे सत्याग्रही कैदी राहून गेले आहेत. लहानपणी मला हे कळल्यावर मी आठवडाभर भिंतींवर कोणी काही कोरलंय का ते शोधत होते. सापडलं काहीच नाही, आणि सापडणारही नव्हतं, कारण त्या भिंती.

भिंतींबद्दल सांगायलाच हवं. बीडीडीचं सगळं बांधकाम सिमेंट काँक्रीटचं. विटांच्या घरात राहणाऱ्याला खिळा ठोकणं म्हणजे दोन मिनिटांचं काम वाटतं. आमच्याकडे खिळा वाकायचा, दुसरा वाकायचा, तिसरा उडून कोणाच्या तरी डोळ्याजवळून जायचा आणि मग आजी ओरडायची. कॅलेंडर लावायचं तरी आधी छिन्नीने भोक पाडा, त्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवा आणि मग त्या लाकडात खिळा. ड्रिल मशीन आमच्या मजल्यावर आलं ते मी कॉलेजात असताना. त्यामुळे आमच्या घरात कुठलीही सुधारणा सहज, सुटीच्या दिवशी मूड आला म्हणून झालेली नाही. प्रत्येक भोकाआधी घरात चर्चा झालेली आहे.

आबांना ही खोली मिळाली १९५३ साली. ते मूळचे आटपाडीचे. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, पण आबांच्या लहानपणी ते औंध संस्थानात होतं. औंधचे राजे म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. प्रचारक हा शब्द तसा मवाळच झाला, कारण राजेसाहेबांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले होते. १९३८ मध्ये त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. आज योगासनांच्या वर्गात जगभर जो सूर्यनमस्कार घालतात, तो सार्वजनिक करण्यात या गृहस्थांचा वाटा फार मोठा आहे. आबा नुकतेच शाळेत जायला लागले होते तेव्हाची ही सक्ती, पण ती त्यांना आयुष्यभर पुरली. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, आबांचे नमस्कार काही विलीन झाले नाहीत.

प्रश्न जागेचा होता. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी लांब जमीन लागते. खोलीत आम्ही कमाल नऊ माणसं होतो, त्यात गिरणीच्या तीन पाळ्या. सकाळी सातला जाणारा उठायचा तेव्हा रातपाळीवाला येऊन त्याच्याच अंथरुणावर पडायचा. मग आबा पाऊसपाणी नसेल तर गच्चीवर आणि पावसाळ्यात पॅसेजमध्ये. त्या पॅसेजमध्ये दुपारी बारालासुद्धा दिवा लागायचा, आणि हे पहाटे पाचला तिथे सूर्याला नमस्कार घालणार. शेजारचे काका म्हणायचे, सूर्याला पत्ता तरी कळवलाय का?

दादा आणि काका मात्र तालमीतले. चाळीजवळच्या व्यायामशाळेत जोर, बैठका, जोडी फिरवणं. लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळायची हे काम नव्या पोरांचं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मेडल मिळवलं, ते कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यामुळे गिरणगावातल्या सातारा-सांगलीच्या प्रत्येक पोराला आपण त्यांचे पाव्हणेच आहोत असं वाटायचं. काकांना तर अजून वाटतं.

आजी रोज सामायिक नळावरून पाणी भरायची. दोन बादल्या, आठ-दहा फेऱ्या. शिवाय स्टोव्ह जमिनीवर, भांडी जमिनीवर, भाकरी बसून. दिवसातून किती वेळा खाली बसणं आणि उठणं झालं ते कोणी मोजलं नाही. बैठका मात्र मोजल्या जायच्या, आणि त्या मारून आलेल्याला दूध मिळायचं.

घरातली पहिली मोठी सुधारणा आजीच्या गुडघ्यांमुळे झाली : कडाप्प्याचा ओटा. बोनसच्या पैशातून १९७४ मध्ये. आत्या म्हणते ७३, पण तिच्या लग्नात स्वयंपाक खालीच बसून झाला होता हे फोटोत दिसतंय, आणि लग्न ७४ च्या मेमधलं. तेव्हा आत्या, हा मुद्दा मिटला. ओट्यासाठी भिंतीत खाच पाडायला दोन रविवार लागले. ओटा झाला आणि आजी आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून स्वयंपाक करायला लागली. तिला ते पहिले काही महिने अजिबात आवडलं नव्हतं. परक्याच्या घरात उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणायची.

आता सिनेमा. तोही तेव्हा घराबाहेरच होता. भारतमाता, प्लाझा ही थिएटरं होतीच, पण खरा आमचा सिनेमा गणपतीतला. दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बांबूला पांढरा पडदा, मागे १६ मिलीमीटरचं मशीन, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. उलट्या बाजूला बसलेल्यांना अक्षरं उलटी दिसायची आणि नायक डावखुरा.

असाच एकदा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ लागला. चित्रपट १९५७ चा, पण आमच्या पडद्यापर्यंत यायला काही वर्षं गेली. दादा तेव्हा दहा-एक वर्षांचे. सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन शेती करायला लावणाऱ्या जेलरची ती गोष्ट, आणि तिचं मूळ आहे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ मध्ये काढलेली कैद्यांची खुली वसाहत. गोष्ट लिहिणारे ग. दि. माडगूळकर, तेही त्याच मुलखातले. आबांनी ते कैदी शेतात राबताना स्वतः पाहिले होते. ते दर पाच मिनिटांनी उभे राहून मोठ्याने सांगायला लागले, हे आमच्याकडचं आहे! लोकांनी दोनदा खाली बसवलं. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मशीनच्या झोतात आले, आणि आबांची सावली पडद्यावर जेलरच्या शेजारी. दादा म्हणतात तो सगळा सिनेमा मला आठवत नाही, सावली आठवते.

मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. केंद्र वरळीतच, टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतो. टॉवर शेजारी असला तरी घरात टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमाला चपलांचा ढीग पडायचा. आमच्या मजल्यावर वीस खोल्यांत एक टीव्ही. त्या घरातल्या काकूंनी इतकी वर्षं दर आठवड्याला दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक चार वाजता कसा उरकला, याबद्दल त्यांना कोणीतरी पदक द्यायला हवं होतं.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आबा तेव्हा रिटायर होऊन वर्ष झालं होतं, दादा साचेखात्यात होते. पहिल्यांदा काय बंद झालं? तालीम. फी नव्हे, ती किरकोळ होती. दूध बंद झालं. खुराक नाही तर जोर कशाच्या जोरावर मारायचे, हा आबांचा प्रश्न, आणि त्याला उत्तर नव्हतं. दादांनी लंगोट धुऊन ट्रंकेत ठेवला तो ठेवलाच. त्या दोन वर्षांबद्दल आमच्या घरात फारसं बोललं जात नाही. आई पापड लाटायची आणि काका गावी गेले, एवढं मला माहीत आहे. मी लहान होते.

दादांच्या हातात मग करवत आली. शेजारच्या चाळीतल्या एका सुताराकडे हाताखाली जायला लागले. आणि इथे मला गंमत वाटते ती इतिहासाची. संप सुरू झाला त्याच १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली. टीव्ही हप्त्यावर मिळायला लागले, आणि ज्यांनी रंगीत घेतले त्यांचे जुने स्वस्तात निघाले. १६० चौरस फुटांत टीव्ही ठेवायचा कुठे? जमिनीवर जागा नाही, कपाटावर गाद्या. उरली भिंत, म्हणजे तीच ती काँक्रीटची. दादांना त्या भिंतीत भोक कसं पाडायचं ते तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं! दोन लोखंडी अँगल, वर पाऊण इंचाची फळी, कोपऱ्यात तिरकी, म्हणजे कॉटवरून, जमिनीवरून आणि माळ्यावरून, तिन्हीकडून दिसेल. आमच्या आजूबाजूच्या चाळींतून अशा शंभरेक फळ्या तरी दादांनी बसवल्या असतील. आमची शाळेची फी त्या फळ्यांवर झाली.

स्वतःच्या घरात फळी सर्वांत शेवटी, १९८६ मध्ये, सेकंडहँड ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घेतला तेव्हा. आणि तिथे अडलं. मोकळा कोपरा एकच होता, आणि तोपर्यंत पॅसेजमध्ये गुडघे गारठतात म्हणून आबा खोलीतल्या त्याच कोपऱ्यात नमस्कार घालायला लागले होते. आई म्हणाली, टीव्ही. आबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी दोन दिवस नमस्कारच घातले नाहीत, आणि घरात सगळ्यांना ते ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादांनी आबांना कोपऱ्यात उभं केलं. म्हणाले, हात वर करा. नमस्कारातली ती स्थिती, हात डोक्यावर ताणलेले, कंबर किंचित मागे. आबांच्या बोटांच्या वर दादांनी कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली. फळी त्या रेघेवर बसली.

परिणाम असा की आमच्या मजल्यावर सर्वांत उंचावरचा टीव्ही आमचा. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, ते आम्ही सगळ्यांनी माना मागे टाकून पाहिलं. सिनेमा संपला की आई सगळ्यांच्या मानेला तेल लावायची. पण खाली सकाळी आबांचे नमस्कार चालू राहिले, १९९६ पर्यंत, म्हणजे ते गेले त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत. नंतर दोनदा टीव्ही बदलला. फळी खाली घ्यावी असं कोणी सुचवलं नाही. शेवटचा चपटा टीव्ही तर भिंतीवरच लागला असता, पण तोही फळीवर उभा राहिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची इमारत त्यात नव्हती, आमची खोली त्यानंतर रिकामी झाली. नवं घर होईल तेव्हा त्यात व्यायामाला जागा आहे का, असं दादांनी विचारलं. भाचा म्हणाला, खाली जिम असणार आहे. दादा म्हणाले, मी खाली कशाला जाऊ?

निघायच्या आदल्या दिवशी फळी काढली. एक अँगल निघाला, दुसरा काही केल्या निघेना, तो शेवटी कापावा लागला. फळीच्या उंचीवरून काका आणि दादांचा जुना वाद आहे. काका म्हणतात साडेसहा फूट, दादा म्हणतात सव्वासात. मी टेप लावून मोजलं : जमिनीपासून सहा फूट अकरा इंच. फोटो काढून दोघांनाही पाठवलाय. काकांचं म्हणणं, टेप तिरकी धरली आहे.