काचेचा पडदा आणि संगणकाचे चित्र

सचिन-उधना परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या कपाटांत लग्नमुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी जपलेल्या असतात. त्या संगणकात उतरवून जुन्या, काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचावर पाहू गेल्यास चित्र अनेकदा धूसर दिसते. याचे मूळ दोन यंत्रांच्या वेगळ्या इतिहासात आहे.

भारतात दूरचित्रवाणी १९५९ साली दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र १९७२ साली आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. आपण स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे उमटतात: एकदा विषम ओळींचे, एकदा सम ओळींचे. संगणकाची व्हीजीए पद्धत १९८७ साली आली, ती सुमारे दुप्पट वेगाने ओळी रेखाटणारी. म्हणून दोहोंमध्ये रूपांतरक लागतो. पिवळ्या टोकाच्या एकाच तारेतून प्रकाश आणि रंग एकत्र जातात व कडा विस्कटतात. एस-व्हिडिओच्या जोडणीत ते वेगळे राहतात आणि चित्र स्वच्छ उमटते.

खरा धोका मात्र तारेत नाही. कॅसेट उतरवताना पुष्कळदा अर्धचित्रे जोडून सेकंदाला २५ चित्रेच ठेवली जातात. मग वरातीतल्या नाचाची, आजीच्या हातांची निम्मी हालचाल कायमची हरपते. कॅसेटची फीत दरवर्षी जीर्ण होत आहे. म्हणून ५० अर्धचित्रे अबाधित राखलेली एक प्रत प्रत्येक घराने आजच करून ठेवावी. जुना संच बंद पडल्यावर नव्या पडद्यालाही तीच उपयोगी पडेल.