नाव आधी, राक्षस नंतर

आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. कोल्हापूरकर त्या जागेला टेंबलाईची टेकडी म्हणतात. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळ्यावर त्रिशूळ चालतो, कोहळा फुटतो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडते. हा कोहळा म्हणजे कोल्हासुर. करवीर माहात्म्यातली कथा अशी, की देवीच्या हातून मरताना या असुराने वर मागितला: हे क्षेत्र माझ्या नावाने ओळखलं जावं. देवीने तो दिला. ज्याचा वध झाला, त्याचंच नाव नगराला राहिलं.

आता दुसरा कागद, म्हणजे खरं तर दगड. शिलाहारांच्या बाराव्या शतकातल्या लेखांत हे गाव ‘कोल्लापूर’ म्हणून येतं. तिथे ते फक्त एका नगराचं नाव आहे. दोन्ही साधनं शेजारी ठेवली, की नाव आधीचं असावं आणि त्या नावाचा उलगडा करण्यासाठी असुर नंतर आला असावा, असं अनुमान निघतं. एवढ्याशा नोंदीवरून फार मोठं विधान करू नये. पण नाव आधी आणि राक्षस नंतर, हा क्रम पुढे ज्या कागदांत निर्विवाद दिसतो, ते कागद पुराणातले नाहीत. ते सरकारी आहेत.

पहिला कागद १८७१ सालचा २७ वा कायदा, गुन्हेगार जमातींच्या नोंदणीचा. तो शांतपणे, कलमागून कलम वाचावा लागतो. एखादी टोळी, जमात किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्ह्यांना सरावलेला आहे असं प्रांतिक सरकारला वाटलं, तर त्याने वर अहवाल पाठवायचा. मंजुरी मिळाली की गॅझेटात जाहीरनामा निघायचा. मग मॅजिस्ट्रेटने त्या जमातीच्या माणसांना बोलावून त्यांची नावं वहीत चढवायची. जाहीरनामा योग्य रीतीने निघाला की नाही, हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचं नाही. जाहीरनामा हाच अंतिम पुरावा. एका माणसाने एका रात्री एक चोरी केली, हे सिद्ध करण्याची गरज या वहीला नव्हती. तो कुणाच्या पोटी जन्मला, एवढं पुरेसं होतं.

याच कायद्यात एक बारीक कलम आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. जमात फिरस्ती असेल, तर ती काही कायदेशीर धंदा करते का, हे अहवालात लिहायचं. आणि तो धंदा खरा आहे, की गुन्हे सोपे जावेत म्हणून घेतलेलं सोंग आहे, याबद्दल सरकारचं मतही लिहायचं. म्हणजे माणूस टोपल्या विणतो, जनावरं विकतो, दारोदार खेळ करतो, ही गोष्ट त्याच्या बाजूने धरली जाईलच असं नाही. ती त्याच्याविरुद्धही धरता येते.

हा विचार आपल्याला अनोळखी नाही. मारीच सोन्याचं हरीण होऊन येतो, रावण भिक्षुकाच्या वेशात दाराशी उभा राहतो. गोष्टीतला राक्षस मायावी असतो, आणि म्हणून त्याच्या चांगल्या रूपावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नसतो. गोष्टीत हे शोभतं, कारण आत रावण आहे हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. कायद्याने ती खात्री गोष्टीतून उचलली आणि पाठीवर पाल घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला लावली. एकदा असं ठरलं, की त्याला सुटकेची वाट उरत नाही. चोरी केली तर तो चोर, आणि घाम गाळला तर सोंगाडा.

पुढचे कागद वहीची मिठी घट्ट करत गेले. गावच्या मुखियाने आणि राखणदाराने नोंदलेल्या माणसांच्या हालचाली पोलिसांना कळवायच्या, हे १८७१ च्या कायद्यातच होतं. म्हणजे शेजाऱ्यालाच पहारेकरी केलं. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद केली. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार आला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही सोलापूरकरांच्या तोंडी आहे.

कोल्हापूर संस्थान होतं, तिथे इंग्रजी मुलखाचा कायदा आपोआप लागू नव्हता. हजेरी मात्र होती. महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांच्या माणसांनी गावकामगारापुढे रोज हजर राहायचं. करवीर तालुक्यातलं गडमुडशिंगी हे संस्थानातलंच गाव. असल्या गावात या हजेरीचा अर्थ काय होता, हे समजायला हिशेब सोपा आहे. रोज चावडीवर यायचं असेल, तर परगावच्या सुगीला जाता येत नाही. मुलगी दिलेल्या गावी मुक्काम करता येत नाही. आजारपणात पडून राहिलं, तरी गैरहजेरीचा संशय येतो. मजुरी बुडते, आणि मजुरी बुडालेल्या माणसाकडे लोक आणखी संशयाने पाहतात. संशयातून निघालेली हजेरी अशी नवा संशय पिकवत राहते.

१९१८ मध्ये शाहू छत्रपतींनी ही हजेरी हुकूम काढून बंद केली. त्याच वर्षी त्यांनी महार वतनही रद्द केलं. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याला ठेवलं. या नेमणुकीत दया आहेच, पण मला तिच्यात त्याहून मोठं काही दिसतं. ज्यांच्यापासून राखण करायची असं जग म्हणत होतं, त्यांच्याच हाती राखण दिली. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त राक्षस म्हणजे मुळात रक्षण करणारे, असा अर्थ लावला होता. त्यांची ती व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिको न टिको, सोनतळीला ती प्रत्यक्षात उतरली.

गडमुडशिंगीच्या शेजारी वळिवडे आहे. १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली, इराणमार्गे आलेली ही माणसं. त्यात बायका-मुलंच जास्त होती. त्यांची भाषा इथल्या कुणाला कळत नव्हती, देव वेगळा, जेवण वेगळं. पोलिश गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं. छावणी म्हटली की नावांची यादी आलीच. पण या यादीत नाव असणं म्हणजे छप्पर असणं. हजेरीच्या वहीतली नावं तर इथेच जन्मलेल्यांची, इथलीच भाषा बोलणाऱ्यांची होती. अनोळखीपणामुळे माणूस भयंकर वाटतो, असं आपण सहज म्हणतो. या पंचक्रोशीचा इतिहास वेगळं सांगतो. हजारो मैलांवरून आलेला माणूस इथे पाहुणा ठरला आणि शिवेवरचा माणूस संशयित. फरक माणसांत नव्हता, यादी कशासाठी केली यात होता.

वहीत ज्याचं नाव, त्याचा आवाज वहीत नसतो. तो साहित्यात यायला फार उशीर लागला. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त ज्याला सरकार दरोडेखोर म्हणतं, तो उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक झाला. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जे नाव लोकांनी शिवीसारखं वापरलं, ते लेखकाने मुखपृष्ठावर छापलं. वाचणाऱ्याला आता नावाच्या आतल्या माणसापर्यंत जावंच लागलं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्याने जमातीऐवजी शिक्षा झालेली व्यक्ती धरली, आणि हा फरक खरा आहे. पण जुनी सवय दुसऱ्या वह्यांत शिल्लक राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या उल्लेखांवरही बोट ठेवलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश दिला. म्हणजे कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाली, तरी रकाना उरला होता.

कोल्हासुराला मरताना एक तरी वर मागता आला, आणि त्याच्या कोहळ्याचा तुकडा लोक आजही श्रद्धेने घरी नेतात. हजेरीच्या वहीतल्या माणसाला कुणी काही विचारलंच नाही. गावात चोरी झाली की आजही पहिली नजर गावाबाहेरच्या पालांकडे जाते. ती जात असताना आपल्याच तोंडून कोणता प्रश्न आधी निघतो, ते प्रत्येकाने ऐकावं: काय घडलं हा, की तिथे कोण राहतं हा.