निरोपाचे टप्पे

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे निश्चित झाले. त्यानंतर चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाईचे रूळ देशभर पसरले आणि त्यांनी गावे जोडली. भिलाईच्या सळ्या घरांच्या खांबांत आणि छतांत जाऊन बसल्या. परंतु काळाची गंमत अशी की, जे पोलाद घराला आधार देते, तेच आज त्या घरात खेळू पाहणाऱ्या अदृश्य तरंगांची वाट अडवते. वाय-फायचा प्रश्न भिलाईच्या सेक्टरांतील घरांत असो की पुण्या-नागपुराच्या सदनिकांत, मुळात भिंतीचा आणि तरंगाचा आहे.

बाहेरून आलेली प्रकाशतंतूची तार बहुधा दर्शनी खोलीत थांबते आणि तिथेच मॉडेम बसवला जातो. त्यातून निघणारा २.४ गिगाहर्ट्झचा तरंग सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीचा असतो. लाकडी दार तो सहज ओलांडतो, विटांच्या भिंतीत काहीसा क्षीण होतो आणि सळ्यांच्या जाळीने भरलेल्या काँक्रीटपुढे बराच हतबल होतो. ५ गिगाहर्ट्झचा तरंग अधिक माहिती वाहून नेतो, पण भिंतींपुढे लवकर थकतो. परिणामी एकाच छपराखाली दर्शनी खोली संपन्न आणि मागची खोली दरिद्री, अशी विषमता निर्माण होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग घरात आला, तेव्हा ही विषमता केवळ गैरसोयीची राहिली नाही. कोणत्या खोलीत कोण बसतो, यावर शिक्षण अवलंबून राहू लागले.

दृष्टीच्या आणि आवाजाच्या पलीकडे निरोप कसा पोचवावा, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याला दोनच उत्तरे आहेत: अधिक मोठ्याने ओरडणे, किंवा वाटेत टप्पे ठेवणे. मनुष्याने बहुधा दुसरा मार्ग पत्करला. आपल्याकडील डाकचौक्यांवर एक हरकारा थकला की दुसरा थैली उचलून धावू लागे. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने १७९४ साली पॅरिस ते लील या मार्गावर मनोरे उभारले. एका मनोऱ्यावरील लाकडी हातांची खूण पुढचा मनोरा टिपे आणि तशीच पुढे देई. १८५१ मध्ये डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या प्रयत्नाने कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारयंत्राची ओळ सुरू झाली. जुलै २०१३ मध्ये भारतीय तारसेवेने निरोप घेतला, तोवर ती परंपरा चालली.

या सर्व योजनांत एक उणीव होती. त्या माळेसारख्या होत्या. एक मणी निखळला की सारी माळ तुटे. या उणिवेवर अमेरिकन अभियंता पॉल बॅरन याने १९६४ साली विस्ताराने विचार मांडला. माळेऐवजी जाळे विणावे, प्रत्येक गाठ अनेक गाठींशी जोडावी, म्हणजे एक वाट बंद पडली तरी निरोप दुसऱ्या वाटेने जाईल, हे त्याचे प्रतिपादन होते. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरील संगणक रेडिओने जोडले. दोन निरोप एकमेकांवर आदळले, तर दोघांनी थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावेत, हा सभ्य नियम तेथे रूढ झाला. या विचारांच्या वाटेवर पुढे १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले.

भारतात मात्र आकाशही परवान्याच्या कक्षेत होते. २००५ च्या आरंभी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वांसाठी खुला झाला आणि त्याच फेब्रुवारीत हिमाचलातील धरमशाला येथे लोकांनी डोंगरउतारांवर बिनतारी जाळे विणले. ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये मुक्त झाला. जाळ्याचे स्वतंत्र मानक २०११ सालचे. घरगुती उपकरणे म्हणून ही जाळी २०१६ पासून बाजारात रुळली.

जुना मॉडेम टाकून द्यावा लागत नाही, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. तो वेशीवरच्या द्वारपालासारखा जागेवर राहतो. जाळ्याचे मुख्य केंद्र तारेने त्याला जोडले जाते. मॉडेमचे स्वतःचे वाय-फाय बंद करणे इष्ट. शिवाय एका घरात दोन कारभारी पत्ते वाटू लागले की गोंधळ होतो. म्हणून मॉडेमने पत्ते वाटणे थांबवून केवळ निरोप आत सोडावा, असे करता आले तर उत्तम. दुसरे केंद्र पुष्कळ लोक संकेत न पोचणाऱ्या कोपऱ्यातच ठेवतात. ही चूक होय. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो इतरांना काय सांगणार? त्याची जागा वाटेवर, मध्यावर हवी. शिवाय प्रत्येक बिनतारी टप्प्याची किंमत असते. जे उपकरण ऐकते त्यालाच बोलायचे असल्याने वेग घटतो. दोन केंद्रांमध्ये तार टाकता आली, तर ही हानी टळते. आणि घर लहान असेल, तर मॉडेम कोपऱ्यातून मध्यभागी आणल्यानेही काम भागते.

अर्थात घरात जाळे असले, तरी घराबाहेर अजून एकच तंतू असतो. तो तुटला की सारी केंद्रे एकदमच मुकी होतात. बॅरनचा विचार अशा घरात उंबऱ्यापाशीच थांबतो. तरीही हरकाऱ्याच्या काळापासून चालत आलेला धडा हे लहानसे यंत्र पुन्हा शिकवते. उगम कितीही बलवान असला तरी शेवटच्या खोलीपर्यंत पोचण्यास बळ पुरत नाही. वाटेत कोणीतरी ऐकून पुढे सांगणारा असावा लागतो. भिलाईच्या पोलादाने हे राष्ट्र टप्प्याटप्प्यानेच जोडले होते. घरातला तरंगही त्याच वाटेने जातो.