तर्कू, कळलावी आणि झाशीचे बरसीम

झाशीचे नाव घेताच मराठी मनाला १८५७ साल आठवावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या नगरीच्या शेतांत आणखीही एक इतिहास दडलेला आहे. तो एका चाऱ्याच्या पिकाचा आणि सजीव पेशीत क्षणकाल उभ्या राहणाऱ्या एका चातीचा इतिहास होय.

बुंदेलखंडाची भूमी खडकाळ, पाऊस लहरी. उन्हाळ्यात चारा उरत नाही म्हणून जनावरे मोकळी सोडून देण्याची ‘अन्ना’ प्रथा तेथे रूढ झाली. अशा मुलखात, झाशी येथे, १९६२ साली कुरणे व चारा यांच्या संशोधनासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९६६ साली ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. तिने अभ्यासलेल्या पिकांपैकी एक म्हणजे बरसीम. आपल्या लसूणघासाचे हे भावंड इजिप्तमधून १९०४ च्या सुमारास सिंधमध्ये आले आणि पुढे उत्तर भारतात पसरले. ऑक्टोबरात पेरावे आणि उन्हाळा लागेपर्यंत पुनःपुन्हा कापावे, असा त्याचा क्रम. त्याची पाने मोठी आणि वाढ जोमदार करता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर पेशीच्या गाभ्यात सापडले.

१८८२ साली वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडर नावाच्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांतील पेशींचे विभाजन तपशीलवार वर्णिले. विभाजनापूर्वी गुणसूत्रे दुप्पट होतात. मग दोन ध्रुवांमध्ये बारीक तंतूंची, मध्ये फुगीर व टोकांना निमुळती अशी आकृती उभी राहते आणि गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे दोन दिशांना जातात. सूत भरलेल्या चातीसारखी दिसणारी ही आकृती म्हणजेच तर्कू. मात्र हे तंतू मारलेल्या व रंगविलेल्या पेशींत दिसत. ते खरे की रसायनांनी निर्माण केलेला आभास, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९५३ साली शिन्या इनोउए या जपानी शास्त्रज्ञाने ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशींतील तंतू दाखविले, तेव्हा तो मिटला.

हे तंतू कशाचे बनलेले आहेत, हे मात्र एका विषाने सांगितले. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात कोल्चिसीन नावाचे विषारी द्रव्य असते. ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी १९३७ साली दाखविले की, या द्रव्याने वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रे दुप्पट होतात, पण त्यांची वाटणी होत नाही. सारी एकाच पेशीत राहतात. तर्कूच विरघळतो, हे त्याचे कारण. १९६७ साली बोरिसी व टेलर यांनी हे विष ज्या प्रथिनाला चिकटते ते शोधले. पुढच्याच वर्षी जपानच्या मोहरी यांनी त्याला ट्यूब्युलिन हे नाव दिले. या प्रथिनाचे कण विटांसारखे रचले जातात. त्यांच्या बहुधा तेरा ओळी मिळून एक सूक्ष्मनलिका होते आणि अशा असंख्य नलिकांचा तर्कू बनतो.

मग या नलिकांना शिस्त कोण लावतो? १९८४ साली मिचिसन व किर्शनर यांनी दाखविले की, नलिका वाढतात आणि एकाएकी कोसळतात. जिला गुणसूत्राचा आधार सापडतो ती टिकते, इतर मोडून पुन्हा उभ्या राहतात. कायनेसिन कुळातील काही प्रथिने परस्परविरुद्ध नलिकांना आडवी धरून दूर लोटतात, तर काही त्यांची टोके ध्रुवापाशी गोळा करतात. ‘रॅन’ नावाचे प्रथिन गुणसूत्रांच्या आसपास कार्यशील राहून नलिका रचणाऱ्या घटकांना मोकळे करते. प्रत्येक गुणसूत्र नीट धरले जाईपर्यंत वाटणी रोखून धरणारीही प्रथिने आहेत. मुकादम कोणी नाही. अनेकांच्या ओढाताणीतूनच तोल साधला जातो.

आता झाशीकडे वळू. साध्या बरसीममध्ये १६ गुणसूत्रे असतात. कोल्चिसीनने तर्कू एकदा मोडला की ती ३२ होतात. पेशी मोठ्या होतात आणि पाने रुंदावतात. दिल्लीचे ‘पुसा जायंट’ आणि झाशीचे ‘बुंदेल बरसीम ३’ हे वाण याच मार्गाने आले. परंतु या लाभाला किंमत द्यावी लागते. बीजनिर्मितीच्या वेळी एकसारखी चार-चार गुणसूत्रे समोर येतात, तर्कूला त्यांची बिनचूक वाटणी करणे अवघड जाते आणि बी कमी धरते. म्हणून विषाचा उपयोग एकदाच. त्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या चांगली झाडे निवडण्याचे धीराचे काम. शिवाय बरसीमला पाणी हवे. कोरड्या माळावर देशी गवतांनाच पर्याय नाही.

चाऱ्यासाठी पैसा मागणाऱ्या कोणत्याही सरकारी टिपणीत सॅलॅमँडरच्या पिल्लांचा उल्लेख कधी झाला नसता. तरीही फ्लेमिंगने केवळ जिज्ञासेपोटी पाहिलेली ती चाती जाणली गेली नसती, तर हे वाण कशामुळे घडले आणि त्यांचे बी कशामुळे कमी पडते, हे कोणालाच सांगता आले नसते. ज्या संशोधनाचा उपयोग आज दिसत नाही, त्याचा खर्च मंजूर करताना हात आखडू पाहणाऱ्यांनी झाशीच्या बरसीमची ही कथा ध्यानात ठेवावी.