आरोग्य विम्यातून तपासणीचा खर्च मिळतो का?

आमच्या शाळेतल्या एका आपांनी मागच्या वर्षी अम्मींची पूर्ण तपासणी करून घेतली. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी सगळं झालं. पॉलिसी होतीच, म्हणून बिल विमा कंपनीकडे पाठवलं. उत्तर आलं, "देय नाही." आपा म्हणाल्या, "मग हप्ता कशाचा भरतो आपण?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

कंपनी नकार का देते?
आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे. केवळ तपासण्या करून घ्यायला दाखल झालो, तर तो खर्च वगळण्याची अट पॉलिसीत असते. मात्र एखाद्या आजारासाठी दाखल व्हावं लागलं, तर त्याच आजाराच्या आधी केलेल्या तपासण्यांचा खर्च मिळतो. किती दिवस आधीच्या, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं; बहुतेक ठिकाणी ३० किंवा ६० दिवस.

मग मोफत हेल्थ चेकअप?
बऱ्याच पॉलिसींत ही सोय असते, पण अटींसह. कुठे दरवर्षी, कुठे क्लेम न घेतलेल्या काही वर्षांनंतर. रकमेला मर्यादा असते आणि बहुधा कंपनीने ठरवलेल्या लॅबमध्येच जावं लागतं. म्हणून आधी फोन करून लॅब आणि तपासण्यांची यादी विचारावी, मगच रक्त द्यावं. आपांनी नेमकं हेच केलं नव्हतं.

सरकारी योजना
महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण तेही ठरलेल्या उपचारांसाठी दाखल झाल्यावर. नुसत्या तपासणीला हे कार्ड चालत नाही. कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मोफत तपासणी कुठे?
ही सोय खूप जणांना ठाऊक नाही. ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कॅन्सर यांची, शिवाय महिलांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो त्याचसाठी. त्यांना दारातून परत पाठवू नका. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

साधी तपासणी म्हणजे कमी दर्जाची, असं समजू नका. गर्भाशयमुखाला सौम्य असेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहायची पद्धत आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख महिलांना घेऊन तिचा अभ्यास केला. दर दोन वर्षांनी तपासणीची सोय मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

टॅक्समध्ये सवलत
खासगी तपासणी केलीच, तर पावती जपून ठेवा. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना कलम ८०-डी खाली स्वतःच्या, जोडीदाराच्या, अवलंबून असलेल्या मुलांच्या व आईवडिलांच्या तपासणीवर मिळून वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. हे पैसे रोख दिले तरी चालतात. विम्याचा हप्ता मात्र रोख भरला तर वजावट नाही. लक्षात घ्या, हे ५,००० वेगळे नाहीत. साठीच्या आतल्यांसाठी एकूण मर्यादा २५,००० आहे. हप्ता २२,००० आणि तपासणी ५,००० झाली, तरी वजावट २५,००० चीच. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही.

तपासणीत आजार निघाला तर?
या भीतीने काही जण तपासणीच टाळतात. पॉलिसी घेतल्यानंतर पहिल्यांदाच आजार कळला, तर तो आधीपासूनचा धरत नाहीत. पण आधी ठाऊक असलेला आजार फॉर्मवर लपवू नका. त्यावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो. खरं सांगितलं तर फार तर ३६ महिने थांबावं लागतं.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही.

आपांच्या अम्मींची साखर वाढलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या. बिल खिशातून गेलं, पण आजार वेळेवर कळला. या आठवड्यात एवढं करा: घरातली पॉलिसी काढून "हेल्थ चेकअप" हा भाग वाचा, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा.