जेलब्रेक या शब्दाचे कूळ
लक्ष्मी टेकडीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग सोडून कागलच्या पंचतारांकित वसाहतीत शिरावे आणि एखाद्या मशीन शॉपमध्ये सीएनसी यंत्रासमोर उभ्या असलेल्या सेटरचे काम घटकाभर न्याहाळावे. फॅनुकचा नियंत्रक असलेल्या यंत्रात ज्या आकड्यांवर अक्षांची गती आणि मर्यादा अवलंबून असतात, ते आकडे, म्हणजे कारखान्याच्या बोलीतले पॅरामीटर, सहजासहजी बदलता येत नाहीत. त्यासाठी सेटिंगच्या पानावर लेखनाची मुभा शून्याची एक करावी लागते, आणि ती केली की पडद्यावर शंभर क्रमांकाचा अलार्म उमटतो. यंत्र धन्याला अडवीत नाही; कुलूप उघडे असल्याची वर्दी मात्र तत्काळ देते. त्याच सेटरच्या खिशातल्या फोनचे कुलूप बहुधा त्याच्या मुखत्यारीत नसते, आणि ते तोडण्याच्या कृत्याला जे नाव पडले, त्या ‘जेलब्रेक’ शब्दाचे कूळ शोधू गेल्यास ते एका चोरासाठी बांधलेल्या खोलीपर्यंत जाऊन पोहोचते.

१९७९ साली बेल प्रयोगशाळेच्या यूनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएच-रूट’ नावाची एक सोय आली. संगणकातील फायलींची रचना वृक्षासारखी, आणि त्या वृक्षाचे मूळ म्हणजे ‘रूट’. एखाद्या प्रोग्रॅमला या सोयीने एखादी फांदीच मूळ म्हणून दाखवावी, म्हणजे त्या फांदीपलीकडे काही आहे याची त्याला वार्ताही लागू नये. १९९१ च्या जानेवारीत एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत बिल चेसविक यांच्या ध्यानात आले की कोणी परका यंत्रात घुसू पाहतो आहे. त्याला हाकलून न देता त्यांनी याच सोयीने एक बनावट घर उभारले, त्यात त्याला मोकळे सोडले आणि त्याच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवला. या प्रसंगावर त्यांनी लिहिलेल्या निबंधात त्या घराला ‘जेल’ म्हटले आहे. पुढे २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीने ‘जेल’ नावाची आज्ञाच प्रचारात आणली. तुरुंग बांधला गेला तो परक्यासाठी, आणि घरधन्याच्या रक्षणासाठी, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवावे.

२००७ च्या जूनअखेरीस अमेरिकेत ॲपलचा आयफोन विक्रीस आला तेव्हा मात्र भूमिकांची अदलाबदल झाली. केबलने संगणकाला जोडलेल्या फोनमधील ‘मीडिया’ नावाची एकच फोल्डर मालकाला दिसे. बाकीचे घर बंद. जी भिंत परक्यासाठी होती, तिच्या आत आता रोख मोल मोजून वस्तू विकत घेणारा गृहस्थच बसला होता, म्हणून ती ओलांडण्यास ‘जेलब्रेक’ हे नाव पडले. पुढच्या काही दिवसांतच ती ओलांडली गेली, आणि तीही प्रथम कशासाठी, तर आपल्या आवडीची रिंगटोन ठेवण्यासाठी! २००८ च्या फेब्रुवारीत जे फ्रीमन यांनी ‘सिडिया’ हे भांडार उघडले. सफरचंद पोखरणाऱ्या पतंगाच्या शास्त्रीय नावावरून हे नाव घेतले आहे. कंपनीचे स्वतःचे ॲप भांडार त्यानंतर, जुलैत, आले. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोय तर २००९ च्या जूनपर्यंत अधिकृतपणे मिळाली नव्हती, आणि कुलूप तोडलेल्या फोनांत ती आधीपासून नांदत होती. जेलब्रेकचा सर्वांत मोठा लाभ मला हाच दिसतो: ग्राहकाला काय हवे आहे, हे त्याने उत्पादकाला करून दाखवले.

अँड्रॉइडच्या घराण्यात याच कृत्याला ‘रूट करणे’ म्हणतात, कारण त्या प्रणालीतील सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नावही ‘रूट’ असेच आहे. या शाखेचा आपल्या भाषेशी आलेला संबंध मला अत्यंत जिव्हाळ्याचा वाटतो. २०१०-११ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या अनेक अँड्रॉइड फोनांत देवनागरीचा फॉन्टच नव्हता; मराठी संदेशाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसे, आणि जेथे अक्षरे दिसत तेथेही वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे, जोडाक्षरे मोडून पडत. ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये अक्षरांचे चित्र करून घेण्याची एक युक्ती होती, पण ती त्या ब्राउझरपुरती. आईचा संदेश आईच्या लिपीत वाचायचा तर फोन रूट करून प्रणालीच्या फोल्डरमध्ये फॉन्ट स्वहस्ते बसवणे हाच उपाय अनेकांपुढे उरे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर स्वतःची लिपी वाचण्यासाठी कुलूप तोडणाऱ्या त्या माणसांकडे अपराध होता असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

परंतु भिंत पडली की ती ज्याला अडवीत होती तोही आत येतो. २००९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने सोडलेला ‘आयकी’ हा किडा केवळ जेलब्रेक केलेल्या आयफोनांतच पसरला. दुरून प्रवेश देणारा प्रोग्रॅम बसवताना मालकांनी सर्व फोनांना सारखाच असलेला ‘अल्पाइन’ हा मूळ पासवर्ड बदलला नव्हता, एवढेच त्याला पुरले. त्याने फक्त पडद्यावरचे चित्र बदलले. २०१५ साली उघडकीस आलेल्या ‘कीरेडर’ या घातक प्रोग्रॅमने मात्र अशाच फोनांतून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांचा तपशील लांबवला. शिवाय काम अर्ध्यावर फसले तर फोन डेड होतो, आणि वॉरंटीचा दावा लंगडा पडतो. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून तर पारडे फारच झुकले आहे, कारण रूटचा अधिकार मिळालेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खासगी कप्प्यात डोकावू शकतो, आणि म्हणूनच पुष्कळ बँकांची ॲप रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात.

कायद्याची कैफियत थोडक्यात सांगतो. अमेरिकेने २६ जुलै २०१० रोजी फोनच्या जेलब्रेकला प्रताधिकार कायद्यातून सूट दिली. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ कलमाचा रोख हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यावर आहे.

माझे मत विचाराल तर, ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा संदेश येतो आणि ज्यातून किराणा, भाडे नि शाळेची फी जाते, त्याला हात लावू नये. पण कंपनीने ज्याची अपडेट थांबवली आहेत, असा जुना अँड्रॉइड फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर लिनिएजओएससारखी प्रणाली घालून त्याला पुन्हा कामाला लावण्यात मला काहीच गैर दिसत नाही; सीम आणि बँक मात्र त्यात असू नये. काही उत्पादकांनी हा मार्ग स्वतःच खुला ठेवला आहे. गूगलच्या पिक्सेल फोनच्या अनेक प्रतींत मालकाला बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, कुलूप राजरोस उघडता येते. उघडताना आतला सर्व मजकूर पुसला जातो, आणि त्यानंतर फोन जितक्या वेळा सुरू होईल तितक्या वेळा, कागलच्या यंत्रावरील त्या शंभर क्रमांकाच्या अलार्मप्रमाणे, कुलूप उघडे असल्याची वर्दी पडद्यावर येते.