शंभर योजनें आणि अर्धा तास

मधुमेह हा आधुनिक नगरजीवनाचा रोग होय, असें आपण सहज म्हणतों. सुश्रुतसंहिता वाचतांना मात्र हा समज टिकत नाहीं. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन भेद केले: एक आईबापांच्या बीजदोषानें आलेला, दुसरा अपथ्यानें ओढवलेला. उपायहि त्यानें ऐपतीप्रमाणें सांगितले. रोग बळावलेल्यानें कुस्ती खेळावी, घोड्यावर बसावें, पायीं हिंडावें. निर्धनानें अनवाणी, छत्रीवांचून शंभर योजनें चालावें किंवा विहीर खणावी. मात्र कृश रोग्यास जपावें, असेंहि तो बजावतो.

या विचाराची कसोटी आमच्या काळांत चेन्नईस लागली. डॉ. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं रोगाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे चार गट केले व २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. सामान्य सल्ल्यावर सोडलेल्यांपैकीं तीन वर्षांत शेंकडा ५५ जणांस मधुमेह जडला. आहार आवरून रोज अर्धा तास चालण्याचा पाठपुरावा ज्यांच्यामागें ठेवला, त्यांत तें प्रमाण ३९ वर आलें. मेटफॉर्मिन या औषधानें याहून अधिक साधलें नाहीं. विशेष हें कीं, चालणारांचें वजन उतरलें नसतांहि हा लाभ झाला.

सर्वांचाच रोग टळला नाहीं, हें खरें. तरी ‘वडिलांना होता, मलाहि होणार’ असें म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य सुश्रुताचें अर्धेंच वचन मानतो. उरलेलें अर्धें पायांनीं वाचावयाचें आहे, असें आम्हांस वाटतें.